हातातला अन्न-स्कॅनर: खानदेशातील व्यापारी, प्रक्रिया उद्योजक आणि शेतकरी कंपन्यांसाठी मार्गदर्शक

मुठीत मावणारे यंत्र मालावर टेकवायचे, बटण दाबायचे आणि काही क्षणांत मोबाइलवर ओलावा, तेल, प्रथिने यांचे आकडे पाहायचे, असे प्रात्यक्षिक आता जळगावच्या डाळ मिलांत, नंदुरबारच्या मिरची पथारींवर आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठकांत दाखवले जाते. यंत्रांच्या किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत आहेत, आणि विक्रेत्याच्या बोलण्यावरून सर्वच यंत्रे सर्व काही ओळखतात असा समज होतो. हा लेख अशा यंत्राची निवड, तपासणी आणि रोजचा वापर कसा करावा यासंबंधी आहे. कोणत्या कामासाठी ते मुळीच घेऊ नये, हेही त्यात ओघाने येईल.

यंत्र नेमके काय मोजते

यांतील बहुतेक यंत्रे निकट अवरक्त किरणांवर चालतात. डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाच्या पलीकडे साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा हा पट्टा आहे. पाणी, स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि पिष्ट यांच्या रेणूंमधील बंध या पट्ट्यातील ठरावीक लहरी शोषतात. पाण्याचे शोषण ९७०, १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास ठळक दिसते. यंत्रातला छोटा दिवा मालावर प्रकाश टाकतो, परत आलेला प्रकाश संवेदक टिपतो आणि कोणत्या लहरी किती शोषल्या गेल्या याची एक वक्ररेषा तयार होते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात धान्यातील ओलावा मोजण्यासाठी ही पद्धत विकसित केली, आणि मोठ्या पिठाच्या गिरण्या व पशुखाद्य कारखाने टेबलावरची अशी यंत्रे कित्येक वर्षे वापरत आले आहेत. नवे आहे ते फक्त त्यांचे मुठीएवढे होणे. इस्रायलमधील कन्झ्युमर फिजिक्स या कंपनीने २०१४ मध्ये ‘सायो’ या खिशातल्या स्कॅनरसाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, तेव्हा २७ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि सामान्य ग्राहकाच्या मनात या यंत्रांविषयी मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या.

या अपेक्षांना मर्यादा कुठे पडते, ते समजून घेतल्यावाचून खरेदी करू नये. वक्ररेषा म्हणजे उत्तर नव्हे. प्रयोगशाळेत ओलावा किंवा प्रथिने आधीच मोजून ठेवलेल्या शेकडो नमुन्यांच्या वक्ररेषा साठवून त्यांवरून एक गणिती प्रारूप बांधलेले असते, आणि यंत्र तुमच्या नमुन्याचा आकडा त्या प्रारूपावरून काढते. ज्या मालावर प्रारूप बांधले, त्यासारखाच तुमचा माल असेल तर आकडा विश्वासार्ह येतो. परदेशातल्या मक्यावर बांधलेले प्रारूप शिरपूरच्या मक्याला बऱ्यापैकी लागू पडेलही. दादर ज्वारीचे किंवा पथारीवर वाळलेल्या मिरचीचे प्रारूप मात्र विक्रेत्याकडे बहुधा नसते. तरीही पडद्यावर आकडा येतोच, कारण आपल्याला हा माल माहीत नाही असे कबूल करण्याची सोय पुष्कळशा स्वस्त यंत्रांत ठेवलेली नसते.

दुसरी मर्यादा प्रमाणाची आहे. जो घटक मालात हजारात एका भागाहूनही कमी आहे, तो या पद्धतीने सहसा दिसत नाही. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनुसार पुढे प्रक्रिया व्हायच्या भुईमूग दाण्यांत अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाची मर्यादा एका किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. यंत्राला दिसू शकणाऱ्या प्रमाणापेक्षा ही मात्रा साठ हजार पटींहूनही कमी आहे. त्यामुळे कीटकनाशकांचे अंश, बुरशीचे विष, शिसे किंवा जिवाणू आम्ही याच स्कॅनरने दाखवतो, असे सांगणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नये.

पायरी पहिली: प्रश्न एकच ठरवा

यंत्र पाहण्याआधी कागदावर एक वाक्य लिहावे: मला अमुक मालातील अमुक घटक, अमुक इतक्या अचूकतेने, अमुक निर्णयासाठी मोजायचा आहे. हे वाक्य लिहिल्यावर बऱ्याच जणांना स्कॅनरची गरजच उरत नाही.

केवळ धान्याचा किंवा कडधान्याचा ओलावा हवा असेल, तर विजेच्या गुणधर्मावर चालणारे साधे ओलावामापक पुरते. कापसाच्या खरेदी केंद्रांवर ८ ते १२ टक्क्यांच्या ओलाव्यावरून होणारी कपात अनुभवलेल्या खानदेशातील शेतकऱ्याला या मापकाची ओळख नव्याने करून द्यायला नको. मात्र त्यात पिकाची निवड बरोबर केलेली असावी लागते. मक्याच्या खुणेवर सोयाबीन मोजले तर आकडा चुकणारच.

दूध संकलनासाठी स्निग्धांश आणि स्निग्धेतर घन पदार्थ मोजणारी ध्वनिलहरींवरची यंत्रे गावोगाव रुळली आहेत. गाईच्या दुधाला किमान ३.२ टक्के स्निग्धांश आणि ८.३ टक्के स्निग्धेतर घन पदार्थ हे निकष आहेत, आणि त्यांसाठी ही यंत्रे नीट धुतलेली असल्यास पुरेशी ठरतात. युरियाचा संशय असेल तर रंग बदलणारी पट्टी वापरावी. पण दुधात नैसर्गिकरीत्याही थोडा युरिया असतोच आणि दहा लाखांत ७०० भागांपर्यंत तो मान्य आहे, हे लक्षात न घेता पट्टी किंचित पिवळी झाली म्हणून एखाद्या गवळ्यावर आळ घेणे अन्यायाचे होईल.

केळीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. रावेर-यावल पट्ट्यातील कापणीसाठी स्कॅनर घेऊ नये. कच्च्या केळीत साखर जवळपास नसतेच, सगळा साठा पिष्टाचा असतो आणि तो पिकताना साखरेत बदलतो. म्हणून हिरव्या घडावर गोडीचा आकडा दाखवणारे यंत्र निरर्थक आहे. जाड सालीमुळे प्रकाश गरापर्यंत कमी पोचतो, ती अडचण वेगळीच. मृगबाग असो की कांदेबाग, घडाचे दिवस आणि बोटाची जाडी मोजणारे कॅलिपर यांवरून होणारी पारख अधिक भरवशाची आहे. पिकवणीगृहातून निघालेल्या केळीची गोडी पाहायची असेल तर रसाचा एक थेंब घेणारे हातातले ब्रिक्समापक पुरते. कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेले फळ स्कॅनरने ओळखता येते, हा दावा तर सरळ नाकारावा. कार्बाइडवर बंदी आहे आणि इथिलीन वायूला दहा लाखांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे, पण फळ पिवळे झाल्यावर या दोहोंतला फरक अवरक्त किरणांना दिसत नाही.

शेव-फरसाण करणाऱ्यांसाठी मात्र एक हातातले यंत्र खरोखर उपयोगाचे आहे, आणि आश्चर्य म्हणजे त्याची जाहिरात सर्वांत कमी होते. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साचणारे खराब घटक, मोजणारे हे यंत्र तेलाच्या विद्युत गुणधर्मावर चालते. १ जुलै २०१८ पासून ही संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरण्यास मनाई आहे, आणि दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीसाठी वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. माल काढून घेतल्यावर तेलातले बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण पाच मिनिटे थांबावे, मग यंत्राचे टोक तेलात बुडवून हलके ढवळावे; कढईच्या तळाला किंवा कडेला ते टेकू देऊ नये. पाण्याचा अंश राहिला तर आकडा वाढीव येतो. दोन मोजण्यांच्या मध्ये टोक मऊ कागदाने पुसावे. एवढे पथ्य पाळले तर हे यंत्र आपली किंमत लवकर वसूल करून देते.

अवरक्त स्कॅनर शोभतो तो एकाच मालातील ओलावा, प्रथिने, तेल असे अनेक मोठे घटक रोज, पुष्कळ नमुन्यांवर मोजायचे असतील तेव्हा. डाळ मिल, तेल घाणे, पशुखाद्य आणि मिरची-मसाल्याचा मोठा व्यापार ही त्याची योग्य ठिकाणे आहेत. यापुढील पायऱ्या त्यांच्यासाठी आहेत.

पायरी दुसरी: विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

यंत्र किती ते किती नॅनोमीटरचा पट्टा वाचते, हे आधी विचारावे. स्वस्त यंत्रे साधारण ७४० ते १०७० नॅनोमीटरपर्यंत थांबतात, महागडी ९०० ते १७०० पर्यंत जातात. फळांसारख्या पाणीदार मालाला पहिला पट्टा चालतो, कोरड्या धान्याला आणि मसाल्याला दुसरा अधिक माहिती देतो. त्यानंतर तुमच्या मालाचे प्रारूप किती नमुन्यांवर, कोणत्या भागातल्या आणि कोणत्या हंगामातल्या मालावर बांधले आहे, त्याची प्रयोगशाळेशी पडताळलेली सरासरी चूक किती, हे लेखी मागावे. ‘अचूकता ९८ टक्के’ असे उत्तर आले तर ते उत्तर नाही. ओलाव्याच्या आकड्यात अधिक-उणे किती, तेच हवे.

तिसरा प्रश्न पैशांचा आहे आणि तो हमखास राहून जातो. काही कंपन्या यंत्र स्वस्तात देतात आणि प्रत्येक मालाच्या प्रारूपासाठी वार्षिक वर्गणी घेतात. वर्गणी थांबली की यंत्र निकामी होते. आकडा मोबाइलवर येण्यासाठी इंटरनेट लागते का, हेही पाहावे, कारण अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या डोंगराळ भागात जाऊन माल घेणाऱ्याला नेटवर्कवाचून अडून राहावे लागेल. नवे प्रारूप स्वतः बांधण्याची मुभा नसलेले यंत्र मी तरी सुचवणार नाही.

पायरी तिसरी: नमुना

आकड्यातली सर्वांत मोठी चूक बहुतेक वेळा यंत्राची नसते, नमुन्याची असते. स्कॅनर जेवढ्या जागेवर प्रकाश टाकतो ती जागा नाण्याएवढी असते, आणि ट्रकमध्ये माल असतो शंभर क्विंटल. वरच्या थराचा ओलावा उन्हाने कमी झालेला असतो, तळाच्या पोत्यांनी जमिनीची ओल घेतलेली असते.

म्हणून निरनिराळ्या थरांतली पोती निवडून, प्रत्येकात परखी खोलवर घालून माल काढावा आणि सगळा एका स्वच्छ ताडपत्रीवर ओतून हातांनी चांगला कालवावा. मग त्याचा गोल ढीग करून वरून सपाट करावा, चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग बाजूला काढावेत आणि उरलेले दोन पुन्हा एकत्र करून हाच क्रम चालू ठेवावा. शेवटी अर्धा किलो माल राहिला की तो जाड पिशवीत हवाबंद करावा. हे काम सावलीत आणि लवकर उरकावे. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात उघडी राहिलेली डाळ बघता बघता ओलावा गमावते.

मिरचीला हा नियम तसाच लावता येत नाही. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते आणि पथारीवर वाळते. तिची साल, बी आणि देठ यांचा ओलावा एकसारखा नसतो, त्यामुळे अख्ख्या मिरचीवर टेकवलेला स्कॅनर प्रामुख्याने सालीचाच आकडा सांगतो. देठासह मूठभर मिरच्या भरड दळून, ती भरड घट्ट झाकणाच्या डबीत थंड होऊ द्यावी आणि मग मोजावी. दळताना मिक्सर तापला तर ओलावा उडतो, म्हणून थांबत थांबत दळावे. वाळलेल्या मिरचीत ओलावा ११ टक्क्यांच्या आत असणे अपेक्षित आहे. त्या सीमारेषेजवळ अर्ध्या टक्क्याचा फरकही बुरशीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो, म्हणून हा सारा खटाटोप.

पायरी चौथी: मोजणी

यंत्र चालू केल्यावर दिवा स्थिरावण्यासाठी माहितीपत्रकात दिलेला वेळ थांबावे. सोबत आलेल्या पांढऱ्या संदर्भ-चकतीवर मोजणी करूनच सुरुवात करावी आणि दिवसभरात ती पुन्हा पुन्हा करावी; हळदीच्या किंवा मिरचीच्या कारखान्यात त्या चकतीवर उडालेली भुकटी सगळे आकडे बिघडवते. उन्हात मोजू नये, कारण सूर्यप्रकाशातही हेच किरण असतात. डबी पूर्ण भरून, वरचा भाग सपाट करून, यंत्र घट्ट टेकवावे. एकदा मोजून झाले की माल ढवळून पुन्हा भरावा. असे पाच वेळा करून सरासरी घ्यावी.

तापमानाकडे खानदेशात विशेष लक्ष द्यावे लागते. उष्णतेने पाण्याच्या रेणूंचे परस्परांशी असलेले बंध बदलतात आणि त्यांची शोषण-रेषा किंचित सरकते. जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत चढतो, हिवाळ्याच्या पहाटे तो दहाच्या खाली येतो. हिवाळ्यात जुळवलेले यंत्र मे महिन्यात गोदामातून आणलेल्या गरम मालावर ओलावा चुकीचा सांगू शकते. नमुना आणि यंत्र दोन्ही एकाच खोलीत अर्धा तास ठेवावे, आणि प्रारूप जुळवताना मुद्दाम गरम व थंड अशा दोन्ही स्थितींतले नमुने घ्यावेत.

पायरी पाचवी: प्रयोगशाळेशी जुळणी

ही पायरी टाळली तर वरचे सारे कष्ट व्यर्थ जातात. आपल्या नेहमीच्या मालाचे २५ ते ३० नमुने निवडावेत. त्यांत अगदी कोरडा, अगदी ओला आणि मधला असा सर्व प्रकारचा माल हवा, कारण सगळे नमुने ११ ते १२ टक्क्यांमधलेच असतील तर कोणतेही यंत्र शहाणे दिसते. प्रत्येक नमुना चांगला कालवून दोन भाग करावेत. एक स्वतः मोजावा, दुसरा त्याच दिवशी हवाबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. दळलेल्या धान्यासाठी १३० ते १३३ अंश सेल्सिअसला दोन तास वाळवून वजनातली घट पाहण्याची पद्धत प्रमाण मानली जाते; मसाल्यांत बाष्पनशील तेलही उडून जात असल्याने त्यांच्यासाठी टोल्यूइन या द्रावकासह ऊर्ध्वपातनाची वेगळी पद्धत आहे. प्रयोगशाळा कोणती पद्धत वापरणार, हे आधीच विचारून घ्यावे.

दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून प्रत्येक नमुन्याचा फरक काढावा. समजा, यंत्र जवळपास प्रत्येक वेळी ०.८ टक्क्याने जास्त सांगते. ही सरळ चूक झाली. तेवढी वजा करण्याची सोय यंत्रातच असते. पण कधी एक टक्का जास्त, कधी दीड टक्का कमी असे फरक विखुरलेले असतील, तर ते यंत्र किंवा ते प्रारूप तुमच्या मालाला चालत नाही आणि कोणत्याही वजाबाकीने ते सुधारणार नाही. कोरड्या मालाला जास्त आणि ओल्या मालाला कमी असा कल दिसला, तर नवे प्रारूप बांधून द्यायला विक्रेत्याला सांगावे. हे काम पैसे पूर्ण चुकते करण्यापूर्वीच करून घ्यावे.

पायरी सहावी: आकड्यावरून व्यवहार

एका टक्क्याची चूक किती महाग पडते, ते आकड्यांत पाहू. १४ टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल मका यंत्राने १५ टक्क्यांचा ठरवला, तर त्यातला कोरडा भाग ८६ ऐवजी ८५ क्विंटल धरला जातो, आणि १४ टक्क्यांच्या हिशोबाने वजन ९८.८४ क्विंटल भरते; शेतकऱ्याचे एक क्विंटलहून अधिक धान्य कागदावरच नाहीसे होते. म्हणून यंत्राची सरासरी चूक अर्धा टक्का असेल, तर १४ टक्क्यांच्या मर्यादेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या टक्क्याचा पट्टा सोडावा. १३.५ च्या खाली माल घ्यावा, १४.५ च्या वर कपात करावी, आणि मधल्या मालाचा नमुना पुन्हा काढून मोजावा. शेतकऱ्याला पडदा दाखवावा आणि त्याच्या मागणीनुसार दुसऱ्यांदा मोजावे, एवढी रीत पाळली तरी काट्यावरची निम्मी भांडणे टळतात.

जिथे स्कॅनर चालत नाही

मिरची पुडीतला सुदान रंग, हळदीतला मेटॅनिल यलो किंवा शिशाचा क्रोमेट या भेसळीच्या रंगांसाठी वेगळी साधने लागतात. शिसे हातातल्या क्ष-किरण यंत्राने सापडू शकते आणि बांगलादेशात हळदीच्या तपासणीत तशी यंत्रे वापरली गेली आहेत, पण त्यांची किंमत आणि किरणोत्साराविषयीचे नियम पाहता ती छोट्या व्यापाऱ्याच्या आवाक्यातली नाहीत. ढोबळ भेसळीसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ‘डार्ट’ ही सोप्या चाचण्यांची पुस्तिका आहे, ती जरूर पाहावी. बेसनातल्या वाटाण्याच्या पिठाबद्दल शेववाले नेहमी विचारतात. भेसळ मोठ्या प्रमाणात असेल आणि प्रारूप खास त्यासाठी बांधले असेल तर अंदाज येऊ शकतो, मात्र हरभरा आणि वाटाणा यांची रचना इतकी मिळतीजुळती आहे की तयार प्रारूपावर विसंबू नये.

ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाचा, प्रश्न घरगुती असला तरी गंभीर आहे. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसते, पण कळण्याचे किंवा दादरचे पीठ ज्या चक्कीवर दळले जाते, तिच्यावर आधी गहू दळलेला असतो. ग्लुटेनमुक्त म्हणवण्याची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. अवरक्त स्कॅनरला ती दिसत नाही, प्रतिपिंडांवर चालणाऱ्या पट्टीला दिसते. तीही पट्टी केवळ त्या चिमूटभर पिठाविषयी बोलते, म्हणून ज्याला ग्लुटेन चालत नाही अशा सीलिअॅकच्या रुग्णासाठी घरात स्वतंत्र छोटी घरघंटी असणे अधिक सुरक्षित.

ताटाचा फोटो काढून उष्मांक सांगणारी मोबाइल अॅप या यंत्रांत धरूच नयेत. ती पदार्थ ओळखून ठोकळ आकडा देतात. भरितात किती तेल मुरले आहे, हे कॅमेऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

पायरी सातवी: वाद, तक्रार आणि देखभाल

स्कॅनरचा आकडा कायद्याने पुरावा ठरत नाही. भेसळीचा संशय असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ४० नुसार कोणत्याही ग्राहकाला शुल्क भरून आपला नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयांत त्याची चौकशी करावी. बिल जपून ठेवावे, पाकीट फोडू नये, आणि यंत्राचा आकडा समाजमाध्यमांवर टाकून कोणाचे नाव घेऊ नये.

यंत्राची एक वही ठेवावी. तारीख, माल, आकडा, खोलीचे तापमान आणि पांढऱ्या चकतीची मोजणी केव्हा झाली, एवढे तिच्यात पुरे. एका ओळखीच्या नमुन्याची हवाबंद बरणी बाजूला ठेवून दर आठवड्याला तीच मोजावी; तिचा आकडा सरकू लागला, तर दिवा किंवा चकती बिघडली आहे असे समजावे. नवा हंगाम, नवे वाण किंवा बदललेला दिवा यांपैकी काहीही आले, तर पाचव्या पायरीतील जुळणी निदान आठ-दहा नमुन्यांवर पुन्हा करावी, आणि ती होईपर्यंत यंत्राच्या आकड्यावर भाव ठरवू नये.